दिवाणी दावा आणि मोफत विधी सेवा: टप्पे, मुदती आणि पॅनल वकिलांकडून तुम्ही काय अपेक्षित धरावे

जमिनीची वाटणी, घराचा ताबा, उसने दिलेले पैसे, फसवून करून घेतलेले हक्कसोडपत्र, वारसाचा दाखला ही सर्व प्रकरणे दिवाणी न्यायालयात चालतात. वकिलाची फी आणि कोर्ट फी परवडत नाही म्हणून अनेक कुटुंबे अशा वादात गप्प बसतात. कायद्याने मात्र पात्र व्यक्तीसाठी हा खर्च शासनावर टाकला आहे. मोफत वकील कसा मिळतो, दावा कोणत्या टप्प्यांतून जातो, कोणत्या मुदती चुकवू नयेत आणि वकिलाचे काम समाधानकारक नसेल तर कोठे सांगावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

कायद्याचा आधार

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-क नुसार आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही न्यायापासून वंचित राहू नये, ही शासनाची जबाबदारी आहे. हा अनुच्छेद १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाला. त्यानुसार विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ करण्यात आला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. म्हणून ९ नोव्हेंबर हा दिवस देशभर विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या कायद्याखाली दिल्लीत राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण (नालसा), प्रत्येक राज्यात राज्य प्राधिकरण, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका स्तरावर तालुका विधी सेवा समिती आहे. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयासाठी स्वतंत्र समित्या आहेत.

आधी हे तपासा: तुमचा प्रश्न दिवाणी दाव्याचा आहे का?

पेन्शन थांबली, शिधापत्रिकेवरून नाव कमी झाले किंवा योजनेचा अर्ज नाकारला गेला, तर थेट दावा दाखल करण्याची घाई करू नका. प्रथम त्या योजनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे किंवा अपील अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यासाठीही विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत सल्ला आणि अर्ज लिहिण्यास मदत मिळते.

शासनावर, किंवा सरकारी अधिकाऱ्यावर त्याने पदाच्या अधिकारात केलेल्या कृतीबद्दल, दिवाणी दावा दाखल करायचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. प्रकरण तातडीचे असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दावा दाखल करता येतो. नोटिशीचा हा कालावधी दाव्याची मुदत मोजताना वगळला जातो.

कोण पात्र आहे?

अधिनियमाच्या कलम १२ नुसार पुढील व्यक्तींना मोफत विधी सेवा मिळते:

• महिला आणि बालके
• अनुसूचित जाती किंवा अनुसूचित जमातीची व्यक्ती
• दिव्यांग व्यक्ती
• मानवी व्यापार किंवा वेठबिगारीची पीडित व्यक्ती
• पूर, दुष्काळ, भूकंप, औद्योगिक आपत्ती, जातीय हिंसा किंवा अत्याचार यांची झळ पोहोचलेली व्यक्ती
• औद्योगिक कामगार
• कोठडीत असलेली व्यक्ती
• वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असलेली व्यक्ती

उत्पन्नाची अट फक्त शेवटच्या गटाला आहे. महिला, बालक, अनुसूचित जाती-जमातीची किंवा दिव्यांग व्यक्ती असल्यास उत्पन्न पाहिले जात नाही. उत्पन्न मर्यादा राज्यागणिक वेगळी आहे. महाराष्ट्र आणि गोव्यात ती ३ लाख रुपये आहे, तर सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी ५ लाख रुपये आहे. उत्पन्नासाठी तुमचे शपथपत्र पुरेसे असते. त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण असेल तरच प्राधिकरण अधिक पुरावा मागते.

पात्र व्यक्ती दावा करणारी असो वा तिच्यावर दावा झालेला असो, सेवा दोन्ही बाजूंना मिळते. मात्र तुमच्या प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, हे प्राधिकरण तपासते.

काय मिळते?

• सल्ला आणि मसुदा लिहिण्यासाठी मदत
• न्यायालयात बाजू मांडण्यासाठी वकील
• कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च आणि प्रकरणातील इतर आवश्यक खर्च
• आदेश व साक्षीपुराव्याच्या प्रमाणित नकला
• अपिलाची कागदपत्रे तयार करणे, छपाई आणि भाषांतर

भाषांतराचा मुद्दा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी महत्त्वाचा आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा ते ते राज्य ठरवते. बेळगाव, इंदूर किंवा हैदराबाद येथे दावा चालत असेल आणि तुमचे जुने दस्त मराठीत असतील, तर अर्ज करतानाच भाषांतराची गरज लिहून द्या.

अर्ज कसा करावा?

१. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या किंवा तालुका न्यायालयातील समितीच्या कार्यालयात जा. नालसाच्या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो.
२. लिहिता-वाचता येत नसेल तर तोंडी सांगा. तेथील कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक तुमचे म्हणणे लिहून घेऊन त्यावर सही किंवा अंगठा घेतात.
३. ओळखपत्र, पात्रतेचा पुरावा (जात प्रमाणपत्र, दिव्यांग प्रमाणपत्र किंवा उत्पन्नाचे शपथपत्र) आणि वादासंबंधीचे सर्व कागद सोबत न्या.
४. अर्जाची पोच घ्या. नालसाच्या २०१० च्या विनियमांनुसार अर्जावर ७ दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा.
५. अर्ज नामंजूर झाल्यास प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येते.

मोफत सल्ल्यासाठी नालसाची हेल्पलाइन १५१०० आहे. गावातील सामायिक सेवा केंद्रातून (सीएससी) टेली-लॉ सेवेद्वारेही वकिलाशी बोलता येते.

लक्षात ठेवा: विधी सेवेचा अर्ज प्रलंबित असला तरी दाव्याची मुदत थांबत नाही. मुदत संपत आली असेल तर पहिल्याच भेटीत ती तारीख सांगा आणि अर्जावर ठळक लिहा.

दाव्याची मुदत

मुदत अधिनियम, १९६३ नुसार प्रत्येक दाव्याला ठरावीक मुदत आहे. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतीबाहेरचा दावा न्यायालयाला फेटाळावा लागतो. अपील किंवा अर्जाला झालेला उशीर सबळ कारण असल्यास माफ होऊ शकतो. मूळ दाव्याला ही सवलत नाही.

• उसने दिलेले पैसे वसूल करणे: ३ वर्षे
• हक्क जाहीर करून मागणे: ३ वर्षे
• फसवणुकीने झालेला दस्त रद्द करून घेणे: ती बाब समजल्यापासून ३ वर्षे
• मालकीच्या आधारे जमिनीचा ताबा मागणे: १२ वर्षे
• एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून वगळलेल्या व्यक्तीने हिस्सा मागणे: वगळल्याचे कळल्यापासून १२ वर्षे

उदाहरण: वडिलांच्या जमिनीत मुलीचा हिस्सा

समजा, वडील वारले आणि वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर फक्त भावांची नावे लागली. बहिणीला हे काही वर्षांनी, पीक विम्याच्या कागदपत्रांच्या वेळी कळले. ती काय करू शकते?

हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हिस्सा दिला आहे. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र या दुरुस्तीने बदलत नाही.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क गेला, असे समजू नका. सातबारा, कर्नाटकातील आरटीसी किंवा मध्य प्रदेशातील खसरा-खतौनी ही महसुली नोंद आहे. केवळ त्या नोंदीने मालकी मिळत नाही किंवा जातही नाही. मात्र पूर्वी हक्कसोडपत्रावर सही केली असेल तर ते वकिलापासून लपवू नका. ते नोंदणीकृत आहे का, सही कशी घेतली गेली आणि ही गोष्ट कधी कळली, यावर पुढची दिशा ठरते. दस्त रद्द करून घ्यायचा असेल तर तीन वर्षांची मुदत लागू होते. वाटणीसाठी बारा वर्षे आहेत म्हणून थांबल्यास ती मुदत निघून जाऊ शकते.

दाव्याचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर तुमचे काम

१. वकीलपत्र आणि दावा. वकीलपत्रावर सही केल्यावर वकील तुमच्या वतीने हजर राहू शकतात. दाव्याचा मसुदा तुम्हाला समजेल अशा भाषेत वाचून घ्या, कारण त्यातील मजकूर खरा असल्याचे सत्यापन व शपथपत्र तुमच्या नावाने होते. आधार असलेले दस्त दाव्यासोबतच द्यावेत. नंतर दस्त दाखल करण्यास न्यायालयाची परवानगी लागते.

२. तात्पुरती मनाई. समोरचा जमीन विकण्याच्या तयारीत असेल तर दाव्यासोबत मनाईचा अर्ज करता येतो. न्यायालय तीन गोष्टी पाहते: प्रथमदर्शनी तुमची बाजू आहे का, मनाई न दिल्यास कोणाची अधिक गैरसोय होईल आणि भरून न येणारे नुकसान होईल का. दावा चालू असताना झालेली विक्री सर्वसाधारणपणे दाव्याच्या निकालाला बांधील असते. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये मात्र या संरक्षणासाठी दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावी लागते. ती नोंदवली का, हे वकिलांना विचारा.

३. समन्स आणि कैफियत. तुमच्यावर दावा झाला असेल तर बेलिफाने आणलेले समन्स नाकारू नका. समन्स नाकारल्याने दावा थांबत नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते. न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. समन्स ज्या दिवशी मिळाले त्याच आठवड्यात विधी सेवा कार्यालयात जा.

४. गैरहजेरी. प्रतिवादी हजर न झाल्यास दावा एकतर्फी चालतो. वादी हजर न झाल्यास दावा काढून टाकला जाऊ शकतो. दोन्ही बाबतींत सबळ कारण दाखवून ३० दिवसांत अर्ज करता येतो. समन्स नीट बजावलेच गेले नसेल तर हे ३० दिवस हुकूमनाम्याची माहिती मिळाल्यापासून मोजतात.

५. मुद्दे आणि पुरावा. दोन्ही बाजू पाहून न्यायाधीश वादाचे मुद्दे ठरवतात. सरतपास शपथपत्रावर होतो, नंतर समोरचे वकील उलटतपास घेतात. शपथपत्रावर सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचून घ्या. उलटतपासात प्रश्न समजला नाही तर तसे सांगा. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. अंदाजाने दिलेले उत्तर पुढे अडचणीचे ठरते.

६. युक्तिवाद, निकाल आणि हुकूमनामा. निकालात कारणे असतात आणि हुकूमनाम्यात नेमके काय मिळाले ते असते. दोन्हींच्या प्रमाणित नकलेसाठी लगेच अर्ज करा.

७. अपील. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस आहे. नक्कल मिळण्यास लागलेला वेळ वगळला जातो. अपिलासाठी विधी सेवेचा नव्याने अर्ज करावा.

८. दरखास्त. हुकूमनामा मिळाला म्हणजे ताबा किंवा पैसे आपोआप मिळत नाहीत. अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करावी लागते. तिची मुदत सर्वसाधारणपणे १२ वर्षे आहे.

पक्षकाराचे निधन झाल्यास: वारसांची नावे दाव्यावर आणण्यासाठी ९० दिवसांत अर्ज करावा लागतो, अन्यथा त्या पक्षकारापुरता दावा संपुष्टात येतो. घरातील दुखवट्यात ही मुदत हमखास विसरली जाते. समोरच्या बाजूचे कोणी वारले तरीही वकिलांना लगेच कळवा.

तडजोड आणि लोकअदालत

दोन्ही बाजू तयार असतील तर प्रकरण मध्यस्थी किंवा लोकअदालतीत पाठवता येते. लोकअदालतीत फी नाही आणि प्रलंबित दाव्यात तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो व त्यावर अपील नाही. म्हणून जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, रक्कम आणि तारीख नीट वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. तडजोडीला नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. नकार दिल्यास दावा पुढे नेहमीप्रमाणे चालतो.

पॅनल वकील: पात्रता, प्रशिक्षण आणि देखरेख

मोफत मिळालेला वकील कमी दर्जाचा असतो, असा समज आहे. २०१० च्या विनियमांच्या नावातच मोफत आणि सक्षम हे दोन्ही शब्द आहेत. त्यानुसार:

• पॅनलवर येण्यासाठी वकिलीचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो.
• पॅनल वकिलांसाठी प्रशिक्षण घेतले जाते व त्यासाठी नालसाने प्रशिक्षण पुस्तिका तयार केल्या आहेत. मुदती, मसुदा, पुरावा आणि तडजोड या बाबतींत कायदा व निर्णय बदलत असतात. वकिलाने त्याबाबत अद्ययावत राहणे तुमच्या दाव्यासाठी आवश्यक आहे.
• प्रत्येक विधी सेवा संस्थेत देखरेख व मार्गदर्शन समिती असते. ती प्रकरणांच्या प्रगतीचा आढावा घेते.
• पॅनल वकिलाने लाभार्थीकडून फी, बक्षीस किंवा कोणताही मोबदला मागू किंवा घेऊ नये.

पहिल्या भेटीत वकिलांना हे प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत लिहा:

१. माझ्या दाव्याची मुदत कधी संपते?
२. कोणते दस्त कमी आहेत आणि ते कोणत्या कार्यालयात मिळतील?
३. मनाई अर्जाची गरज आहे का?
४. पुढच्या तारखेला नेमके काय होणार आहे? मला यायला हवे का?
५. माझ्या प्रकरणाची कमजोर बाजू कोणती?

दावा दाखल झाल्यावर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या ॲपवर किंवा संकेतस्थळावर त्या क्रमांकाने पुढची तारीख आणि आदेश मोफत पाहता येतात.

वकिलाबद्दल तक्रार असल्यास

वकील तारखेला हजर राहत नसतील, माहिती देत नसतील किंवा पैसे मागत असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्या. तारखा लिहा, पुरावा जोडा, पोच घ्या. प्राधिकरण वकील बदलू शकते आणि पॅनलवरून काढूही शकते. गंभीर गैरवर्तनासाठी अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. महाराष्ट्र व गोव्यासाठी एकच बार कौन्सिल आहे.

सेवा केव्हा बंद होऊ शकते?

खोटी माहिती देऊन सेवा मिळवली असेल, तुम्ही वकिलांना सहकार्य करत नसाल, परस्पर दुसरा वकील नेमला असेल किंवा आता पुरेसे उत्पन्न असेल तर प्राधिकरण सेवा काढून घेऊ शकते.

नेहमीचे प्रश्न

मी नोकरी करणारी महिला आहे, तरी मोफत वकील मिळेल का?
होय. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

मी कोणत्याच गटात बसत नाही, पण कोर्ट फी भरू शकत नाही. काय करावे?
दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन व्यक्ती म्हणून दावा दाखल करण्याची परवानगी मागता येते. न्यायालय तुमच्या साधनांची चौकशी करून निर्णय देते.

समोरचा माझ्याविरुद्ध एकतर्फी मनाई मिळवेल अशी भीती आहे.
कलम १४८-क खाली कॅव्हेट दाखल करा. ती ९० दिवस चालते व त्या काळात अर्ज आल्यास तुम्हाला सूचना मिळते. ९० दिवसांनंतर गरज असल्यास पुन्हा दाखल करावी.

तारीख किती वेळा पुढे जाऊ शकते?
सुनावणी सुरू असताना एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असा नियम आहे. समोरची बाजू वारंवार तहकुबी घेत असेल तर वकिलांना हरकत नोंदवण्यास सांगा.

कार्यालयात जाताना मूळ कागद सोबत न्या, पण हातात छायाप्रतीच द्या. न्यायालयात मूळ दस्त दाखल करावा लागला तर त्याची एक प्रत आणि दाखल केल्याची तारीख तुमच्याजवळ ठेवा.